गवई मॅडम

"नाही, मी अजून बाहेर पडले नाही. अर्धं सोडून दिलं, अर्धं ठेवलंय. भीती वाटते, पण पहिल्यासारखी नाही वाटत आता. घरी? नाही, घरी कोणाला माहीत नाही."

प्रसेनजित तायडे उंबऱ्याबाहेर वाकून उभा होता. एक बूट काढलेला, दुसऱ्याची नाडी बोटात. आवाज धम्मशीलाचा होता, म्हणजे आत दुसरं कोणी असण्याची शक्यताच नव्हती. पण तो आवाज त्याने कधी ऐकलेला नव्हता. बायकोचे काही आवाज त्याला पाठ होते. पौर्णिमेला विहारात वंदना म्हणतानाचा एक, भाजीवाल्याशी भाव करतानाचा एक, पुण्याच्या पोरीशी फोनवर बोलतानाचा एक, आणि त्याच्याशी बोलतानाचा, जो बहुतेक वेळा स्वयंपाकघरातून भांड्यांच्या आवाजावरून येत असल्यामुळे जरा चढा असायचा. हा त्यातला कोणताच नव्हता. हा सावकाश, प्रत्येक शब्द तपासून खाली ठेवणारा आवाज होता. आणि ती 'मले' म्हणत नव्हती, 'कोणाले' म्हणत नव्हती. कोणाला. घरी कोणाला माहीत नाही. त्याने काढलेला बूट पुन्हा पायात घातला. का घातला ते त्याला तेव्हा सांगता आलं नसतं. घर त्याचं होतं, दार उघडं होतं, घाटाखालच्या गावातली मोजणी लगतच्या शेतवाल्याच्या घरी मयत झाली म्हणून पुढे ढकलली होती, आणि भूमी अभिलेखातल्या माणसाला वर्षातून क्वचित मिळतो तसा सबंध दिवस त्याला मोकळा मिळाला होता. तरी तो चोरासारखा पायऱ्या उतरला, फाटकाची कडी आवाज न करता लावली आणि तलावाकडे चालू लागला.

तलावाच्या काठी वारा होता. बुलढाण्याला वारा असतोच, त्याचं कोणाला काही वाटत नाही. पण त्या दिवशी तो त्याच्या कानात शिरून त्या चार वाक्यांशी खेळत बसला. बाहेर पडले नाही म्हणजे कशातून? अर्धं म्हणजे काय अर्धं? माणूस काय अर्धं सोडतो? पोरगी नोकरीला गेली, हे अर्धं असेल का? आणि मग उरलेलं, ठेवलेलं अर्धं म्हणजे आपण? दुसरा कोणी पुरुष असेल हा विचार त्याच्या मनात लगेच आला नाही. तो टपरीवर चहा घेताना आला, तोही आपला न वाटता, कुठून तरी ऐकून ठेवल्यासारखा. त्याने तो विचार जिभेवर घेऊन पाहिला. त्याला चव नव्हती. धम्मशीला सत्तेचाळीस वर्षांची होती, तिच्या गुडघ्याला उतरताना कळ यायची, ती ब्लाउज शिवायची आणि दुपारी पडवीत पाय पसरून मेथी निवडायची. अशा बाईचं काय, असं म्हणून त्याला हसायचं होतं. पण हसू येईना, कारण ज्या बाईचा आवाज त्याने ऐकला होता तिचे गुडघे दुखत असतील असं अजिबात वाटत नव्हतं.

संध्याकाळी तो रोजच्या वेळेला घरी गेला. तिने चहा ठेवला. "झाली मोजणी?" तिने विचारलं. तो हो म्हणाला. का खोटं बोललो, हे त्याला कळेना. मग त्याने विचारलं, "तू काय केलं दिवसभर?" "काय करणार," ती म्हणाली, "रोजचंच." आणि ती अंबाडीची भाजी घोटायला वळली. रोजचंच. तो तिच्या पाठीकडे पाहत राहिला. ही पाठ त्याने चोवीस वर्षं पाहिली होती. या शब्दावर ती थोडी ताठ होईल, खांदा हलेल, असं त्याला वाटलं होतं. काही झालं नाही. भाजी घोटली गेली. तेव्हा पहिल्यांदा तो खरा घाबरला. कारण ती खोटं बोलत नव्हती. जे काही होतं ते खरंच रोजचं होतं.

प्रेरणाला त्याने फोन केला. पोरगी पुण्यात कामावर होती, घाईत होती. "तुझी आई काय करते गं दिवसभर?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. "बाबा, तिलाच विचारा ना," प्रेरणा म्हणाली. "बाबा, तुम्ही कधी विचारलंय का तिला?" "विचारलं. रोजचंच म्हणते." प्रेरणा हसली, आणि त्या हसण्यात तिच्या आईचा काही हिस्सा होता, असं त्याला नंतर बराच वेळ वाटत राहिलं. म्हणजे पोरीला माहीत होतं? की ती नुसतीच हसली?

पुढच्या रविवारी धम्मशीला विहारात गेली असताना तो शिलाई मशीनपाशी उभा राहिला. तो काही शोधत नव्हता, निदान तसं तो स्वतःला सांगत होता. मशीनच्या खालच्या खणात अस्तराच्या कापडाची चिंधी होती, आणि तिच्यावर कापडावर खुणा करायच्या खडूने चौकोन काढलेले होते. उभट चौकोन, एकाला लागून एक, काही पांढरे, काही गुलाबी. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बारीक रेघ, पायाशी एक. काहींची शेपटी लांब, काहींचं डोकं. रांगोळीची नक्षी म्हणावी तर ती चढत चढत जाऊन मध्येच कोसळत होती. त्याने आयुष्यभर नकाशे वाचले होते. वाकडेतिकडे गट, सरकलेले बांध, नाल्याने खाल्लेल्या हद्दी. कुठलाही नकाशा हातात आला की उत्तर दिशा त्याच्या अंगालाच कळायची. ती चिंधी त्याने उलटी धरली, आडवी धरली, आणि त्यात काही वर नव्हतं, काही खाली नव्हतं. त्याने ती होती तशी घडी करून ठेवली. विहारातून आल्यावर तिने साडी बदलताना मशीनकडे पाहिलं का? पाहिलं नसावं.

तेच चौकोन त्याला चार-सहा दिवसांनी चिखली रोडवर दिसले. तो रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला औषधाच्या दुकानात गेला होता. दुकानावर जिन्याच्या तोंडाशी एक फलक होता. 'शेअर बाजार शिका. ट्रेडिंग आणि गुंतवणूक. दुपारची व संध्याकाळची तुकडी.' आणि खाली हिरवे-लाल उभट चौकोन, डोक्यावर रेघ, पायाशी रेघ. तो गोळ्यांची पिशवी घेऊन जिना चढला. वर बंद दाराबाहेर चपला होत्या. बहुतेक बायकांच्या. त्यांत तपकिरी चप्पल होती, डाव्या पायाचा पट्टा बदललेली. तो पट्टा त्यानेच बस स्टँडजवळ बसून बदलून आणला होता. आतून कोणीतरी शिकवत होतं, मध्येच सगळे हसत होते. तो त्या चपलेकडे पाहत उभा राहिला. एवढंच? त्याच्या छातीवरचं ओझं असं काही उतरलं की त्याला जिन्यात बसावंसं वाटलं. शेअर बाजार! कोणी माणूस नाही, काही नाही, बाजार. तो जवळजवळ धावतच खाली आला. आणि रस्त्यावर येऊन पोहोचेपर्यंत ते हलकेपण संपलं होतं. माणूस असता तर काय करायचं असतं ते निदान माहीत होतं. चिडायचं, ओरडायचं, तिच्या भावाला रोहिणखेडहून बोलावून घ्यायचं. हे काय होतं? यात चिडायचं कशावर? तिने शिवणाच्या पैशातून काही केलं असेल तर ते तिचे पैसे होते. मग सांगितलं का नाही? सांगण्यासारखं नव्हतं म्हणून, की आपण ऐकण्यासारखे नव्हतो म्हणून?

त्याच संध्याकाळी तो परत गेला आणि त्याने संध्याकाळच्या तुकडीत नाव घातलं. शिकवणारे आल्हाद सर तिशीतले, चष्मा लावणारे, पुण्याहून परत आलेले. त्यांनी विचारलं, "काका, तुम्हाला मार्केट का शिकायचंय?" बाकीचे रिटायरमेंट म्हणाले होते, पोराचं शिक्षण म्हणाले होते. प्रसेनजित म्हणाला, "समजून घ्यायचं आहे." "काय समजून घ्यायचंय?" "काय चालू आहे ते." सर हसले. "ते आम्हालाही कळलं तर सांगा," ते म्हणाले, आणि सगळी तुकडी हसली. घरी त्याने सांगितलं, कचेरीत जुन्या नोंदी संगणकावर चढवायचं काम आलंय, उशीर होत जाईल. धम्मशीला बरं म्हणाली. तिला त्या बरं म्हणण्यात काही सोय वाटली का? वाटली असेल. वाटली नसेल.

सर फळ्यावर ते उभट चौकोन काढत, त्यांना कँडल म्हणत. हा बाजार उघडला तेव्हाचा भाव, हा मिटला तेव्हाचा, ही वरची काडी म्हणजे भाव तिथपर्यंत जाऊन परत आला, ही खालची म्हणजे तिथपर्यंत घसरून सावरला. एका चौकोनात एक सबंध दिवस. प्रसेनजितला हे पटकन समजलं आणि आवडलंही. दिवस असा काढता येतो हे त्याला माहीत नव्हतं. अडचण रेघांची झाली. भाव खाली येता येता जिथे थांबतो तिथे आधाराची रेघ मारायची असं सरांनी सांगितलं, तेव्हा त्याने पट्टी घेऊन मारली. सर त्याच्या खांद्यावरून वाकून पाहत म्हणाले, "छान. पण दुसरा कोणी हीच रेघ थोडी खालून मारेल."

"मग खरी कोणती?"

"जिच्यावर भाव थांबेल ती."

"आणि थांबेपर्यंत?"

"थांबेपर्यंत दोन्ही."

"असं कसं असते सर? दोन खऱ्या हद्दी कशा असतीन?"

"काका, ही जमीन नाही. इथे हद्दीचे दगड नसतात. माणसं जिथे घाबरतात तिथे रेघ असते."

तो घरी जाताना हे वाक्य घोळवत राहिला. त्याच्या धंद्यात माणसं घाबरायची, भांडायची, बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभी राहायची, पण रेघ त्यांच्या भीतीने हलत नसे. साखळीने मोजायचे दिवस होते तेव्हाही, आणि आता उपग्रहाशी बोलणारं यंत्र आलं तेव्हाही, तो शांतपणे सांगायचा, दादा, तुमचा बांध इथे नाही, तिथे आहे. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात त्याने धम्मशीलाला एक मोजणी पाहायला नेलं होतं. ती झाडाखाली बसून सगळं पाहत होती. परत येताना एसटीत तिने विचारलं होतं, "पण एवढं मोजलं, त्यातली कोणती गोष्ट तठी खरंच होती?" त्याने ते कचेरीत गंमत म्हणून सांगितलं होतं, आणि सगळे हसले होते. बी.कॉम. झालेली बायको, आणि पाहा काय विचारते. बँकेच्या परीक्षेचा अर्ज तिने त्याच वर्षी भरला होता, नंतर प्रेरणाची चाहूल लागली. परीक्षेला ती गेली नाही. की तो घेऊन गेला नाही? त्याला आठवेना. तो दिवस कसा उघडला आणि कसा मिटला, त्याच्या वरच्या काडीचं टोक कुठे होतं, काही आठवेना.

वर्गात शिकत गेला तसं घरातलं एकेक त्याला दिसू लागलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. सव्वानऊला बाजार उघडतो. म्हणून डबा नऊच्या आत हातात पडायचा! त्याला वाटायचं, आपल्याला कचेरीत वेळेवर पोहोचायला आवडतं म्हणून. सकाळी बाजार चालू असताना सर जुन्या मुलांना फोनवर एकत्र जोडून घेतात. म्हणजे त्या दिवशी ती सरांशी बोलत होती, आणि अर्धं म्हणजे विकून उरलेले अर्धे शेअर. मागच्या थंडीत तिने एका मंगळवारी अचानक गोडाचा शिरा केला होता. त्याच्या अंगात तेव्हा थोडी कणकण होती, आणि तिने आपल्यासाठी केला म्हणून तो दोन दिवस मनात सुखावला होता. आता त्याने फोनवर मागच्या थंडीचा आलेख काढून पाहिला, आणि त्या आठवड्यात हिरवे चौकोन शिडीसारखे वर गेलेले दिसले. दुसऱ्या एका आठवड्यात ती त्याच्याशी धड बोलली नव्हती. आपण तिच्या भावाच्या पोराच्या लग्नाला जायचं टाळलं म्हणून रागावली, असं समजून त्याने तिला न विचारता साडी आणली होती, ती तिने कपाटात ठेवली. त्या आठवड्याचाही आलेख त्याने काढला. लाल, लाल, लाल. म्हणजे तिच्या आनंदाचं कारण तो नव्हता, हे एक. ते कदाचित सोसलं असतं. पण तिच्या रागाचंही कारण तो नव्हता. इतके महिने तो तिच्या चेहऱ्यावर स्वतःला वाचत होता, आणि तिथे दुसरंच काही लिहिलेलं होतं. की तेही खरं नाही? शिरा शिऱ्यासाठीच केला असेल, आणि बाजार त्याच वेळी चढला असेल? दोन रेघा. थांबेपर्यंत दोन्ही.

एके संध्याकाळी सर म्हणाले, "घाई न करता विचार कसा करायचा, याचं उदाहरण सांगतो. आपल्या दुपारच्या तुकडीत एक गवई मॅडम आहेत." प्रसेनजितला आधी काही कळलं नाही. मग कान तापले. गवई हे धम्मशीलाचं माहेरचं नाव. कागदोपत्री तेच राहिलं होतं; बदलून आणू, बदलून आणू म्हणत त्यानेच राहू दिलं होतं. "मॅडमनी दक्षिणेकडची एक पंप बनवणारी कंपनी निवडली," सर सांगत होते. "मी विचारलं, का? तर म्हणाल्या, 'सर, माझ्या माहेरी विहिरीवर या कंपनीचाच पंप आहे, बंद पडला की त्यांचा माणूस दुसऱ्या दिवशी येतो.' मी म्हटलं, एवढंच पुरेसं नाही. मग त्यांनी तीन आठवडे कंपनीचे ताळेबंद वाचले. आणि मग म्हणाल्या, 'सर, आता मला आणखीच कमी समजतंय, पण थोडंसं घेऊन पाहते.' ही खरी सुरुवात." तुकडीतले लोक माना डोलवत होते. प्रसेनजितला उठून सांगावंसं वाटलं, ती विहीर मी पाहिली आहे. त्या विहिरीवर मी आंघोळ केली आहे. पण सांगणार कोण? तायडे काका गवई मॅडमना कसे ओळखतात?

दुसऱ्या दिवशी कचेरीतून, नकाशाच्या कपाटाआड उभं राहून, त्याने त्याच कंपनीचे शेअर घेतले. नफ्याचा विचार त्याच्या मनात नव्हता असं म्हणता येणार नाही, पण तो फार मागे कुठेतरी उभा होता. पुढे होतं ते वेगळंच. एसटीत शेजारची जागा मोकळी दिसावी आणि जाऊन बसावं, तसं काहीसं. ती जिथे होती तिथे आता तोही होता. संध्याकाळी ती लसणाच्या पाकळ्या सोलत होती आणि तो समोर बसला होता, आणि त्याला वाटलं, आज आपण दोघांनी एकच दिवस पाहिला. भाव थोडा चढला होता. तिच्या चेहऱ्यावर त्याने ते चढणं शोधलं. "काय पाहून राह्यले?" ती म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला. त्याला वाटलं, ती जराशी हसली.

मग कंपनीच्या तिमाहीचे आकडे आले आणि भाव घसरला. पहिल्या दिवशी थोडा, दुसऱ्या दिवशी खाडकन. सरांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं: घेण्याआधी ठरवा, कुठे बाहेर पडायचं. तो आकडा फोनला सांगून ठेवा, म्हणजे ऐनवेळी मन आडवं येणार नाही. प्रसेनजितने तो सांगितला नव्हता. आपण आधी निघालो आणि ती आतच राहिली तर? घरात तो तिच्याकडे पाहायचा. ती शांत होती. ब्लाउजच्या बाह्या जोडत होती. तिची ती शांतता पाहून त्याला तिचा अभिमान वाटला, आणि स्वतःच्या घाबरण्याची लाज वाटली. ती एवढी स्थिर बसली आहे, तर आपण का पळायचं? एकदा तर त्याने तिला म्हटलंही, "होते सगळं बरोबर. जे असते ते परत वर येते." तिने सुई तोंडात धरून त्याच्याकडे पाहिलं. "कशाचं म्हणून राह्यले?" "असंच, सगळ्याचं." ती पुन्हा कापडाकडे वळली. तिला समजलं, असं त्याने धरून घेतलं.

गुरुवारी वर्गात कोणीतरी पंपाच्या कंपनीचं विचारलं. "मॅडमचं काय झालं सर?" आल्हाद सर फळा पुसत म्हणाले, "मॅडम? त्या आकडे यायच्या आधीच निघाल्या. सगळंच विकलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, 'झोप लागत नव्हती.' मी म्हटलं, हेही एक कारणच आहे." आणि सर पुढच्या विषयाकडे वळले.

प्रसेनजित तुकडी सुटायच्या आधीच उठला. चिखली रोडवर दिवे लागले होते, रसवंतीवर पोरं उभी होती, ओळखीचा कोणी "काय तायडे साहेब" म्हणाला, त्याने हात केला. ती नव्हतीच तिथे. इतके दिवस तो ज्या जागेच्या शेजारी बसला होता ती जागा मोकळी होती. आणि ती लसूण सोलत होती, बाह्या जोडत होती, शांत होती, कारण ती निघून गेली होती. झोप लागत नव्हती? एकाच खाटेवर ती झोपत नव्हती आणि त्याला माहीत नव्हतं? पैसे गेल्याचं दुःख त्याने आतल्या आत चाचपून पाहिलं. ते होतं, पण ते दुसऱ्याच कोणाचं असावं तसं होतं.

धम्मशीला मशीनवर होती. त्याने चपलासुद्धा काढल्या नाहीत. "तू निघाली," तो म्हणाला, "आन् मले सांगतलंही नाही."

मशीन थांबलं. "कुठून निघाली मी?"

"पंपातून."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. कितीतरी वेळ तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मग एकेक गोष्ट त्यावर येऊन गेली, आणि यातली एकही आपल्याला वाचता येत नाही हे त्याला या वेळी माहीत होतं. "तुम्ही," ती सावकाश म्हणाली, "तुम्ही क्लासले जाऊन राह्यले? ते संगणकाचं काम..."

"हाव."

"काऊन?"

"तू जाऊन राह्यली होती म्हणून."

"आन् पंप? पंप घेतला तुम्ही?"

"तू घेतला होता ना."

"अहो, मी घेतला म्हणून घ्याचा असते का कुठी?" ती उठली, तिच्या मांडीवरून कापड खाली पडलं. ती चिडली होती की हसत होती? दोन्हींच्या मधलं काही होतं. "मले स्वतःले समजत नव्हतं मी काऊन घेतला ते. मी घाबरून निघाली. काही हुशारी नाही केली त्यात. आणि तुम्ही तठी बसून राह्यले एकटे?"

"मले वाटलं तू आहे."

ती खाली बसली, पलंगाच्या कडेवर, आणि हातातली मोजपट्टी बोटाला गुंडाळत राहिली. "मी लपवलं नाही," ती म्हणाली. "म्हणजे, लपवलंच. पण तुम्हाले फसवाले नाही. तुम्हाले सांगतलं असतं तर तुम्ही मले समजावून सांगतलं असतं."

"काय समजावून सांगतलं असतं? मले काय येत होतं?"

"तरी सांगतलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही कोणतंही समजावून सांगता. वाईट नाही सांगत, चांगलंच सांगता. पण मले एक काहीतरी असं पाहिजे होतं का जे मी चुकली तर माझं मलेच कळलं पाहिजे. दुसऱ्या कोणाले कळायच्या आधी." तिने मोजपट्टी सोडली. "जमत होतं असं नाही. कधी जमे, कधी नाही. पण चूक माझी राहे."

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. अन्याय केला असं म्हणायचं होतं, की माफ कर, की तू बरोबर आहेस, की तू बरोबर नाहीस. सगळी वाक्यं एकाच दारातून बाहेर पडायला धडपडत होती, आणि शेवटी जे बाहेर पडलं ते असं: "आता मी काय करू? ठेवू का इकू?"

"मले नका विचारू."

"तुले माहीत आहे."

"मले माहीत नाही. खरंच माहीत नाही. आन् माहीत असतं तरी सांगतलं नसतं." मग मऊ होऊन, "उद्या सकाळी तुम्हीच पाहा. मी बसते शेजारी. पण बोलणार नाही."

सकाळी ती खरंच बसली. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती, मध्ये चहाचे कप आणि पोह्यांची ताटली. तिच्यासमोर तिचा फोन होता. तिचं काहीतरी वेगळंच चालू होतं, ते काय हे त्याने विचारलं नाही. बाजार उघडला. पंपाचा भाव हलायला लागला, खाली, जरासा वर, पुन्हा खाली. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही. हा वर्गातला कागदावरचा सराव नव्हता. त्याच्या कचेरीत तर चुकलेली मोजणीसुद्धा पुन्हा मागवता येते. त्याने विकायचं बटण दाबलं. फोनने परवानगी मागितली, आकडे मागितले, पुन्हा परवानगी मागितली, आणि झालं. इतक्या कमी आवाजात झालं की काही झालं यावर त्याचा विश्वास बसेना. चहा पिऊन संपायच्या आत भाव वर सरकू लागला.

"वर चालला," तो म्हणाला.

"जाते," ती म्हणाली. एवढंच.

"म्हणजे चुकलं माझं?"

तिने उत्तर दिलं नाही. नाही बोलणार म्हणाली होती. आणि नंतर त्याच्या लक्षात आलं, ते त्यामुळे नव्हतं. तिने त्याचं ऐकलंच नव्हतं. तिचे डोळे फोनवर खिळले होते, ओठ किंचित हलत होते, आणि अंगठा काचेच्या वर, काचेला न टेकता, वर-खाली होत होता. तिच्या चेहऱ्यावर उघडी, न झाकलेली भीती होती. त्याने तिला आजारपणात पाहिलं होतं, बाळंतपणात पाहिलं होतं, तिच्या आईच्या मातीला पाहिलं होतं. पण त्या सगळ्या वेळी ती कोणाच्या तरी समोर होती. हा चेहरा कोणासमोरचाच नव्हता. त्याला वाटलं, आपण हा पाहू नये. त्याला वाटलं, तिच्या हातावर हात ठेवावा. त्याचा हात टेबलावर अर्ध्यापर्यंत गेला आणि ताटलीपाशी थांबला. बाहेर फाटकाशी कोणाची तरी मोटारसायकल थांबली आणि पुढे गेली. त्याचा फोन वाजला. कचेरीतून होता, मोजणीची माणसं येऊन बसली असणार, शेतात दोन्ही पक्ष उभे असणार. त्याने आवाज बंद केला. आपला शेअर किती वर गेला हे पाहायचं तो विसरला. ती जिंकते आहे की हरते आहे हे त्याला समजत नव्हतं, आणि ती कशात आहे हेही माहीत नव्हतं. तरी त्याचा श्वास तिच्या अंगठ्याबरोबर वर-खाली होत होता, आणि हे तिला कधीच कळणार नव्हतं.

मग तिचा अंगठा एकदाच टेकला. तिने फोन पालथा घातला, डोळे मिटले, आणि नाकातून लांब श्वास सोडला. ते सुटणं होतं की गमावणं होतं, कोण जाणे. डोळे उघडले तेव्हा तो तिला समोर दिसला. आत्ताच कुठूनतरी आल्यासारखी ती त्याच्याकडे पाहू लागली.

"तुम्ही गेले नाही?"

"नाही."

"काऊन?"

पोहे थंड झाले होते. एकही कारण पुरं होईना. आणि ती टेबलापलीकडे, हनुवटीखाली हात घेऊन, फोनकडे न पाहता, त्याच्या उत्तराची वाट पाहत बसली.